निरोप समारंभात रडावे कसे? दहावीच्या होतकरूंसाठी मार्गदर्शक

बाजारात दहावीच्या मुलांसाठी सगळ्या विषयांची गाइडे मिळतात. बीजगणिताचे मिळते, भूमितीचे मिळते, उपयोजित लेखनाचेही मिळते. निरोप समारंभाचे मात्र मिळत नाही. परिणामी दरवर्षी कितीतरी निरागस मुले कसलीही पूर्वतयारी न करता थेट सतरंजीवर जाऊन बसतात, भलत्याच ठिकाणी हसतात, रडायच्या जागी जांभई देतात आणि वर्गशिक्षिकेच्या मनातून कायमची उतरतात. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न. सूचना क्रमाने पाळा. मधली गाळू नका, अंतर्गत गुण कुठे दडलेले असतील सांगता येत नाही.

१. शाळेवर प्रेम जडवा, पण वेळेवर

नवशिके इथेच चुकतात. पाचवी-सहावीपासूनच शाळेवर प्रेम करू लागतात आणि ऐन समारंभात त्यांच्याकडे काही शिल्लकच राहत नाही. शाळेवरचे प्रेम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, नववीच्या मुलांनी वर्गणी काढायला सुरुवात केली की जडवावे. पूर्वी बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये असे, २०२५ साली मंडळाने ती २१ फेब्रुवारीलाच सुरू केली. त्यामुळे प्रेमाचा हंगामही थोडा अलीकडे सरकला आहे, याची नोंद घ्या.

तोपर्यंत बाकावर कर्कटकाने नाव कोरणे, प्रार्थनेत नुसते ओठ हलवणे, शनिवारी कवायतीला पोट दुखणे हे कार्यक्रम निर्धास्त चालू ठेवा. पुढे याच गोष्टींना ‘सोनेरी आठवणी’ म्हणायचे आहे, तेव्हा साठा पुरेसा असू द्या.

शाळेचा अभिमानही लागेल. शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असेल तर काम सोपे आहे. चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली पुण्यात काढलेल्या शाळेचे हे नाव, पुढे गावोगावच्या मराठी माध्यमाच्या शाळांनीही ते लावले. तुमच्या शाळेचा टिळकांशी काडीचा संबंध नसला तरी ‘लोकमान्यांचा वारसा’ बेधडक म्हणा. व्यासपीठावर बसलेले टाळ्या वाजवतील, कारण त्यांच्यातही कुणी तपासलेले नसते.

२. पोशाख

मुलींनी आईची साडी नेसावी आणि किमान डझनभर सेफ्टी पिना लावाव्यात. रडू आलेच नाही, तर त्यातली एक उपयोगी पडते. मुलांनी मामाचा ब्लेझर घालावा. बाह्या बोटांपर्यंत येतील, येऊ द्या. फोटोत हात खिशात ठेवायचे असतात.

३. मनोगत

हा मोठ्या गुणांचा प्रश्न आहे, इथे वेळ द्या.

सुरुवात ‘आदरणीय व्यासपीठ’ अशी करा. व्यासपीठ म्हणजे दोन डायनिंग टेबले जोडून वर टाकलेली हिरवी चादर. तिचा आदर आधी, माणसांचा नंतर. मग ‘वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’. तुमच्या बालमित्रांपैकी निम्म्यांना मिशा फुटल्या आहेत याकडे दुर्लक्ष करा.

दुसऱ्याच वाक्यात ‘आज बोलायला शब्द अपुरे पडत आहेत’ असे म्हणा. हे वाक्य चार पानी भाषणाच्या पहिल्या पानावरच आले पाहिजे. शेवटच्या पानावर आले तर ऐकणाऱ्यांना ते खरे वाटून आशा निर्माण होते.

त्यानंतर मातीचा गोळा येतो. तुम्ही मातीचा गोळा होता, शिक्षकांनी त्याला आकार दिला. तुमच्या आधीच्या तीन जणांनी हाच गोळा वापरला असेल तरी बिचकू नका, श्रोत्यांना नवा गोळा चालत नाही. शाळा ही शाळा नसून तुमचे दुसरे घर आहे, हेही सांगून टाका. पहिल्या घरी जेवणाच्या वेळी घंटा होत नाही, एवढाच काय तो फरक.

एक कायदेशीर सावधगिरी. ‘सरांनी मारले म्हणून मी घडलो’ असे माइकवर म्हणू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि पहिल्या रांगेत केंद्रप्रमुख बसलेले असू शकतात. ‘सरांच्या कडक शिस्तीमुळे’ म्हणा. सरांना कळेल. मागच्या बाकावरच्यांना तर फारच कळेल.

आता प्रत्यक्ष रडणे. कंठ कुठे दाटायचा याची जागा कागदावर लाल पेनाने अधोरेखित करून ठेवा. शिपाईकाकांचा उल्लेख ही सर्वांत भरवशाची जागा. त्यांनी उशिरा आलेल्यांना फाटकाबाहेर ठेवले, पाण्याच्या टाकीजवळून हाकलले, आणि तरीही त्यांच्या नावाने सभागृह हमखास हेलावते. त्या वेळी काका स्वतः मागे सामोशांच्या पुठ्ठ्याच्या बशा मोजत असतात, तेव्हा त्यांच्याकडे बघू नका. त्यांनी चुकून वर पाहिले तर तुम्हालाच हसू येईल.

रडणे जमले नाही, तर मनाला लावून घेऊ नका, बाळांनो. माइक बंद पडेलच. ‘हॅलो, हॅलो, चेक’ होईपर्यंत खाली मान घालून उभे राहा, फोटोत फरक कळत नाही.

४. प्रमुख पाहुण्यांना ऐकणे

प्रमुख पाहुणे हे शाळेचे माजी विद्यार्थी असतात आणि आता यशस्वी असतात. म्हणजे गावात त्यांचे बांधकामाचे काम असते. ते सांगतील की तेही याच बाकांवर बसत, त्यांनाही गणितात काठावर गुण होते आणि टक्क्यांनी काही होत नाही. त्यानंतर लगेच ९० टक्क्यांच्या वर मिळवणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर करतील. यात विसंगती शोधत बसू नका, टाळ्या वाजवा. कलामसाहेबांचे नाव आले की समजावे, भाषण निम्म्यावर आले.

५. शाळेला भेट

भिंतीवरचे घड्याळ द्या.

शाळेकडे घड्याळे आहेत हे मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती खोक्यासकट एकावर एक ठेवलेली असतात. जे भिंतीवर लागले आहे ते पावणेचारावर थांबलेले असते, कारण सेलसाठी स्वतंत्र मंजुरी लागते. तरीही घड्याळच द्या. त्याच्या तबकडीवर ‘दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’ असे छापून घेता येते, आणि अक्षरे काट्यांपेक्षा मोठी घेतली की वेळ दिसली नाही तरी नाव दिसते. पैसे जास्त जमले असतील तर पंखा. त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवा आणि पंखा बंद असताना मुख्याध्यापकांसह फोटो काढून घ्या.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, हे वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत असते. पाच वर्षे एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेर दार धरून उभे राहायचे, अशी ती व्यवस्था आहे. कडी घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त येते. पण कडीवर नाव मावत नाही आणि तिच्यासोबत मुख्याध्यापकांना उभे करून फोटो काढता येत नाही. सूचना मांडलीच तर ‘बघू’ असे उत्तर येईल. बघा.

६. ‘पुढे काय?’ या प्रश्नाला तोंड देणे

समारंभ आटोपून घरी आलात की सोफ्यावर काका बसलेले असतील. ते विचारतील, ‘मग, पुढे काय ठरवलंय?’ खरे उत्तर ‘माहीत नाही’ असे आहे. ते कदापि देऊ नका. काकांनाही त्यांच्या पुढचे माहीत नसते, पण त्यांना कुणी विचारत नाही, हा वयाचा फायदा असतो.

राज्य सरकारने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा असे कल त्यात निघत. घरोघरच्या कलचाचणीला एवढा व्याप लागत नाही, ती गुणपत्रिकेवरच होते. भरपूर गुण असतील तर तुमचा कल सायन्सकडे, मध्यम असतील तर कॉमर्सकडे, त्याखाली असतील तर ‘आर्ट्स घेऊन एमपीएससी कर’कडे. ९२ टक्के पडूनही इतिहास आवडतो म्हणणाऱ्या मुलीला घरचे आधी ताप आहे का ते बघतात. आयटीआयचे नाव फक्त शेजारच्या मुलाच्या संदर्भात घ्यावे.

टक्केवारीबद्दल थोडे समजून घ्या. परीक्षा ६०० गुणांची, पण टक्के सर्वोत्तम पाच विषयांचे, म्हणजे ५०० पैकी. शिवाय चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि खेळ यांचे सवलतीचे गुण. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ मुलांना शंभर टक्के पडले. शंभर टक्केवाल्यांच्या घरी पेढे घेऊन वार्ताहर येतात. सगळ्या विषयांत बरोबर ३५ मिळवणाऱ्याच्या घरीही येतात, त्याची तर हलगी लावून मिरवणूकही निघते. तेव्हा काय ते एक धरा. ६२ टक्के मिळवू नका. ६२ टक्केवाल्याचा फ्लेक्स या महाराष्ट्रात अजून कुणी लावलेला मी पाहिलेला नाही, आणि अशीच मुले सर्वांत जास्त असावीत असा माझा दाट संशय आहे.

७. अकरावीचा अर्ज

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षी नोंदणी सुरू झाली त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, म्हणजे शिक्षणाची सुरुवात खऱ्या अर्थाने तिथूनच झाली. अर्जात एक ते दहा पसंतिक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणून जिथे जायचे आहे ते पहिले लिहा, जिथे बाबांना जायचे होते ते दुसरे.

या वेळी ‘इंटिग्रेटेड’ हा शब्द कानावर पडेल. घाबरू नका. प्रवेश एका कॉलेजात घ्यायचा आणि दोन वर्षे बसायचे ते जेईई-नीटच्या क्लासमध्ये, एवढाच त्याचा अर्थ. कॉलेजात तुम्ही प्रॅक्टिकलपुरते उगवायचे. सरकारने २०१८ साली या प्रकारावर बायोमेट्रिक हजेरीचा उतारा काढला होता. क्लास अजून फुल आहेत, यावरून उताऱ्याचा गुण ओळखा.

या कॉलेजाचा निरोप समारंभ कुठे असतो, असे बऱ्याच मुलांना बारावीत विचारावे लागते. तिथे रडायची तसदी नाही, एवढी तरी सोय आहे.

८. दाखला

निकालानंतर शाळेच्या कार्यालयात जा. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, आणि ही सुट्टी मुलांच्या सुट्टीपेक्षा मोठी असते हे ध्यानात ठेवा. खिडकीतून एक कागद मिळेल. त्यात तुमची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी असेल. ‘प्रगती’ समोर ‘समाधानकारक’ लिहिलेले असेल, ‘वर्तणूक’ समोर ‘चांगली’. तुमच्या पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या दाखल्यावरही हेच असेल, आणि त्याने नववीत विज्ञानाच्या प्रयोगशाळेचा पडदा पेटवला होता. मनोगतात तुम्ही शाळेबद्दल जे बोललात त्याला शाळेने दिलेले हे उत्तर आहे. दोन्ही बाजूंचा हिशोब चुकता झाला असे समजा.

सही करून घ्या. शिक्का नीट उमटला आहे का ते बघा, अर्धवट असेल तर तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या. नावातला ऱ्हस्व-दीर्घ आणि आईचे नाव तपासा, पुढे सगळीकडे हेच चालते. मूळ प्रत अकरावीच्या प्रवेशाला जमा करावी लागते, म्हणून घरी जाता जाता झेरॉक्स काढा. दहा तरी काढा.