बारा अक्षरं आणि टिंबांचा कारभार

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक मॅक ॲड्रेस असतो. ४८ बिटांचा, म्हणजे लिहायला बारा अक्षरं: शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ. बारा अक्षरांत मतभेद कसले व्हायचे? पण विंडोज दर दोन अक्षरांनंतर आडवी रेघ मारतं, तेही कॅपिटलमध्ये. लिनक्स मध्ये दोन टिंबं ठेवतं. सिस्कोचा स्विच चार-चारांचे तीन गट पाडून एकेका टिंबावर भागवतो. खोक्यावरच्या लेबलावर पुष्कळदा काहीच नसतं; बाराही अक्षरं लोकलच्या डब्यातल्यासारखी खेटून उभी. परिणामी ऑफिसच्या यादीत एकच प्रिंटर तीनदा हजेरी लावतो आणि ऑडिटवाले उरलेले दोन शोधत मजलाभर फिरतात.

यावर उपाय म्हणजे पायथॉनमधली दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट. कामाची नाहीत ती चिन्हं फेका, अक्षरं बारा भरतात का पाहा, जोड्या लावा, मध्ये टिंबं घाला. चहा निवायच्या आत होणारं काम.

पण यादीत मॅकबुकवाले असतात. त्यांच्या टर्मिनलवर एआरपीची, म्हणजे शेजारच्या यंत्रांच्या पत्त्यांची, यादी मागवली, की प्रत्येक जोडीतलं पुढचं शून्य गायब. ००:५०:५६:०१:०२:०३ हा पत्ता तिथे ०:५०:५६:१:२:३ असा दिसतो. यातली टिंबं आधी काढलीत तर हाती आठच अक्षरं राहतात, आणि गळलेली शून्यं कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून आधी टिंबांवर तोडायचं, एकट्या अक्षरापुढे शून्य लावायचं, मगच टिंबं फेकायची. एवढं करूनही बारा भरत नसतील तर स्क्रिप्टने ती ओळ निमूट परत करावी. अंदाजाने शून्यं भरणारी स्क्रिप्ट मला अजिबात आवडत नाही.

एक्सेलची तऱ्हा याहून न्यारी. आकड्यांच्या गर्दीत शेवटाकडे एखादा ई आला, की ते त्याला घातांक समजतं आणि पत्त्याची रक्कम करून टाकतं. रक्कमही अब्जावधींच्या पलीकडची. पगाराच्या रकान्यात मात्र असा चमत्कार कधी घडत नाही.

पत्ता सरळ झाला की वाचायलाही मजा येते. पहिली सहा अक्षरं आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटते. ००:५०:५६ म्हणजे व्हीएमवेअर, म्हणजे बहुधा शरीरच नसलेलं, सॉफ्टवेअरमध्ये राहणारं यंत्र. ००:००:०० हा मानाचा गट झेरॉक्सकडे आहे, आणि ते रास्तच. इथरनेट १९७३ साली त्यांच्याच पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत जन्मलं.

अलीकडे फोनांनी नवंच सुरू केलंय. ॲंड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ते वायफायला खरा पत्ता न देता मनाने बनवलेला देतात. ओळखायची खूण सोपी: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई. आमची स्क्रिप्ट तोही पत्ता टिंबंबिंबं लावून झकास मांडते. खऱ्याखोट्यात ती पडत नाही.

तेव्हा ऑफिसात नोंदणीसाठी पत्ता देणार असाल, तर आधी त्या वायफायपुरतं फोनमधलं हे मनाने पत्ता बनवायचं सेटिंग बंद करा. मग रेघा मारा, टिंबं द्या, नाहीतर काहीच देऊ नका. फक्त फोटो काढून पाठवू नका.