दोन इंच वर

पुण्यात थार घेतली की पेढ्यांच्या आधी चर्चा होते ती लिफ्ट किटची. कंपनीने २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स दिलाय, पण तो सामान्य दऱ्याखोऱ्यांसाठी. बाणेरच्या मॉलचं बेसमेंट गाठायचं तर आणखी दोन इंच हवेतच. मग स्प्रिंगा बदलायच्या, जेमतेम ३१ इंची टायर काढून ३३ इंची चढवायचे आणि आईला गाडीत बसता यावं म्हणून वेगळी पायरी लावून घ्यायची.

गंमत अशी की लिफ्टने फक्त बॉडी वर जाते. मागच्या डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच लोंबत राहतो. त्याला उचलतात टायर, तेही निम्म्या हिशेबाने: व्यास दोन इंच वाढला तर ॲक्सल एकच इंच वर. या इंचापायी पिकअप मंदावतो, ब्रेकवर ताण येतो, वळणावर गाडी जास्त झुकते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५च्या आसपास असते. किलोमीटरही कमीच मोजले जातात, त्यामुळे मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं. एवढी एकच बाब मालक टक्केवारीसकट, न विचारता समजावून सांगतात.

मोटार वाहन कायद्यात कलम ५२ नावाचं एक विघ्न आहे. मूळ रचनेत फेरफार नको, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बजावलं. त्यावर तोडगा म्हणून जुने टायर गॅलरीत जपून ठेवलेले असतात. सध्या त्यांत गवती चहा लावलाय.