शास्त्रीबुवांची डुकरं

(स्थळ: इथाका बेट, डोंगराची उतरण. काळ: इसवी सनापूर्वी दुसरं शतक. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातून आलेले एक शास्त्रीबुवा ओकच्या झाडावर चढून बसले आहेत. खाली चार कुत्री. डुकरं राखणारा एक म्हातारा धोंडे भिरकावत येतो.)

राखणारा: हाड्! हाड् म्हंतो ना! उतरा आता, गेली ती.

शास्त्रीबुवा: नक्की?

राखणारा: नक्की. झाडावर कशापायी चढायचं वो? हातातली काठी टाकायची आन् मटकन खाली बसायचं.

शास्त्रीबुवा: ठाऊक आहे. ओडिसिअसनं याच बेटावर, अशाच कुत्र्यांसमोर तेच केलं होतं. 'ओडिसी', सर्ग चौदावा. मला मुखोद्गत आहे.

राखणारा: मग?

शास्त्रीबुवा: कुत्री आली तेव्हा मी तेराव्या सर्गात होतो.

राखणारा: काय काम काढलंत?

शास्त्रीबुवा: आमचे ग्रंथपाल ॲरिस्टोफेनिस...

राखणारा: नाटकं लिवायचा त्यो? मेला न्हवं का?

शास्त्रीबुवा: तो अथेन्सचा. त्याला जाऊन दोनशे वर्षं होत आली. आमचे बायझँटियमचे. कुठल्या वयाच्या जनावराला काय म्हणायचं यावर ते ग्रंथ लिहितायत. माझ्या वाट्याला डुकरं आलीत.

राखणारा: तुमच्या ग्रंथालयात डुकरं न्हाईत?

शास्त्रीबुवा: चिक्कार आहेत. पण सगळी पपायरसवर. (लेखणी काढून) पहिला प्रश्न. तुम्ही 'हूस' म्हणता की 'सूस'?

राखणारा: हूस. सूस जुन्या गाण्यांत म्हंत्यात.

शास्त्रीबुवा: होमर दोन्ही वापरतो. वृत्तात जे बसेल ते.

राखणारा: वृत्तात बसतंय व्हय! हितं गोठ्यात बसवताना घाम फुटतो माझा.

(आपल्या संस्कृतातला 'सूकर' याच 'सूस'च्या घराण्यातला. पण ही सोयरीक त्या दोघांना सांगायला तिथं आपल्यापैकी कुणी नव्हतं.)

शास्त्रीबुवा: आता मुख्य मुद्दा. 'खोइरोस' कुठं संपतो आणि 'देल्फाक्स' कुठं सुरू होतो?

राखणारा: आँ?

शास्त्रीबुवा: म्हणजे कितव्या महिन्यात पिल्लाचं डुक्कर होतं?

राखणारा: म्हयना कोण मोजतंय? हिकडं या. ह्याच्या पाठीवर बोट दाबा. भ्या नका, चावत न्हाई. काय लागलं?

शास्त्रीबुवा: मऊ आहे. ओलसर. बोट आत जातंय.

राखणारा: ह्यो खोइरोस. आता तिकडच्या तिला दाबा.

शास्त्रीबुवा: घट्ट! दही लागल्यासारखं.

राखणारा: ती देल्फाक्स. आता हात धुवा.

शास्त्रीबुवा: (घाईघाईनं लिहीत) कोवळं आणि ओलसर ते खोइरोस, अंग धरलेलं ते देल्फाक्स... वा! देल्फाक्सची व्युत्पत्ती आमच्याकडे आहे हं. 'देल्फुस' म्हणजे गर्भाशय. आपला 'अदेल्फोस', भाऊ, तोही त्यातूनच. एकाच गर्भाशयातला.

राखणारा: म्हंजे माझा भाऊ आन् ही डुकरीण एका शब्दातली?

शास्त्रीबुवा: व्युत्पत्तीनं.

राखणारा: भावाशी वाटणीवरनं भांडण चाललंय. त्याला सांगतोच.

शास्त्रीबुवा: आणि तो कोपऱ्यात पसरलाय तो? केवढा गलेलठ्ठ!

राखणारा: त्यो सिआलोस. त्याला बोट लावू नका.

शास्त्रीबुवा: का? त्याचं वय काय?

राखणारा: वयाचं सोडा वो. त्यो मालकाचा. शास्त्रीबुवा, तुमचा सगळा हिशेबच उलटा. जे मालक खातो त्यो सिआलोस, जे आमाला मिळतं ते खोइरोस. वय त्याच्या मागनं येतं. पिल्लू मोठं व्हईस्तवर आमच्या ताटात न्हाई आलं, तर मग कधीच येत न्हाई.

शास्त्रीबुवा: (ताडकन उभे राहत) थांबा! थांबा! युमेअस! ओडिसिअस भिकाऱ्याच्या वेशात येतो, त्याचा डुकरं राखणारा युमेअस त्याला दोन पिल्लं मारून वाढतो आणि माफी मागतो, की बाबा रे, आम्हा नोकरांना खोइरोसच असतात, सिआलोस ते वर चढून बसलेले उपरे खातात! आम्ही इतकी वर्षं या जागेवर टिपणं लिहितोय...

राखणारा: टिपणं कशाला? उपाशी राहून बघायचं.

शास्त्रीबुवा: त्याच्याकडे माद्याच सहाशे होत्या हो! बारा गोठे, दर गोठ्यात पन्नास. आणि नर तीनशे साठ.

राखणारा: नर कमी का?

शास्त्रीबुवा: ओडिसिअसच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला आलेल्यांसाठी रोज उत्तमातला उत्तम नर वाड्यावर पाठवावा लागे.

राखणारा: बघा! हिशेब लिवणाऱ्याला ठावं व्हतं. त्यो होमर कधीतरी डुकरांत राहिला आसंल.

शास्त्रीबुवा: होमर युमेअसला 'दिव्य' म्हणतो. दिव्य सूकरपाल! 'माणसांचा नायक'सुद्धा म्हणतो. गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून थेट त्याच्याशी बोलायला लागतो. 'ओडिसी'त हा मान दुसऱ्या कुणालाही नाही.

राखणारा: पर त्यो राजाचा पोरगा व्हता ना? फिनिशियन लोकांनी पळवून आणून विकलेला?

शास्त्रीबुवा: हो. ओडिसिअसच्या बापानं विकत घेतला.

राखणारा: मग दिव्य आसंलच की. माझा बाप डुकरंच राखायचा. मला काय म्हणतोय तुमचा ग्रंथ?

शास्त्रीबुवा: 'सुबोतेस'. किंवा 'हुफोर्बोस'. दोन शब्द आहेत तुम्हाला! गुराख्याला 'बूकोलोस', शेळ्यावाल्याला 'आइपोलोस', मेंढपाळाला 'पोइमेन'. कळपालाही वेगवेगळे: गुरांची 'अगेले', मेंढ्यांचा 'पोऊ', शेळ्यांचं 'आइपोलिओन', डुकरांचं 'सुबोसिओन'.

राखणारा: आन् राजाला काय म्हंतो होमर?

शास्त्रीबुवा: लोकांचा पोइमेन. अगामेम्नॉनला तर वारंवार.

राखणारा: मेंढपाळ! मेंढ्या काय, एक निघाली की बाकीच्या मागनं जात्यात. लोक आसं वागत्यात व्हय? तुमी कधी अथेन्सची सभा बघितलीय? धक्काबुक्की, आरडाओरड, आन् खायला दिसलं की पळापळ. राजाला सूकरपाल म्हणायला पायजे.

शास्त्रीबुवा: हळू बोला! सिकिऑनचा हुकूमशहा क्लैस्थेनीस, त्यानं तसंच केलं होतं. स्वतःच्या जमातीला 'लोकनायक' म्हणवलं आणि विरोधकांच्या तीन जमातींना नावं दिली: डुकरवाले, गाढववाले, पिल्लूवाले. हेरोडोटस सांगतो, तो मेल्यावरही साठ वर्षं तीच नावं चालू होती.

राखणारा: साठ वर्षं? कुणी बदलली न्हाईत?

शास्त्रीबुवा: नाही.

राखणारा: मग ते मेंढरंच. डुकरांनी दुसऱ्या दिवशी कुंपण मोडलं आसतं. बसा, जेवा. खोइरोस भाजलाय.

शास्त्रीबुवा: (कोपऱ्याकडे बघत) तो सिआलोस... थोडासा... शास्त्रासाठी?

राखणारा: त्यो मालकाचा.

(ॲरिस्टोफेनिसचा तो ग्रंथ आज सबंध उपलब्ध नाही. खोइरोस आणि देल्फाक्स यांतला कोवळ्या-घट्टाचा फरक, आणि त्यावरून होमरची ती ओळ उलगडते हा शेरा मात्र शिल्लक आहे. साधारण चारशे वर्षांनी अथेनेअसनं जेवणाच्या पंगतीत रंगलेल्या विद्वानांच्या गप्पांचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात डुकराचं मांस वाढायला आलं तेव्हा कुणीतरी ती व्याख्या म्हणून दाखवतो.)