विश्रांतीलाही फुटला घाम!

शिव शिव! डिसेंबरातल्या रविवारी, पहाटे साडेचारला, धडधाकट माणसं आपणहून उठतात. मग गोधड्या काय शोभेला शिवल्या? मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आला की हा ताप चढतोच. ४२.१९५ किलोमीटर पळायचं तर तयारी हवी, मान्य. पण आता पळण्यापेक्षा 'रिकव्हरी'चाच थाट जास्त!

पूर्वी माणूस दमला की झोपायचा. आता उठल्याउठल्या मनगटालाच विचारतो, मी दमलोय का? घड्याळाने स्लीप स्कोअर कमी दाखवला, की चांगला तुकतुकीत गृहस्थ कण्हायला लागतो.

आणि तो बर्फ! पुण्यात पहाटे हुडहुडी भरलेली आणि सोसायटीतले एक काका गच्चीवर निळ्या पिंपात गळ्यापर्यंत बुडालेले. शेजारी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. नळाचं पाणी आधीच झोंबणारं, पण थर्मामीटरवर आकडा जुळायला नको? १० ते १५ अंश, मिनिटंही साधारण तितकीच. काकू टॉवेल धरून उभ्या. याच माणसाला एरवी आंघोळीला कढत पाणी लागतं! बरं, वजनं उचलल्यावर दरवेळी बर्फात बसलं तर स्नायूंची वाढ उलट मंदावते, असं संशोधक सांगतात. काकांना सांगणार कोण? दातांच्या कडकडाटात त्यांना ऐकू कुठे येतंय!

त्यातून 'झोन टू' आला. म्हणजे बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. पुणेकराला आणखी काय हवं? वेताळ टेकडीवर पाय हळू, तोंडं सुसाट. 'गुडघे झिजतील' म्हणून कालपर्यंत भीती घालणारेच आज बुटांच्या सोलवर अर्धा तास प्रवचन झोडतात. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले, तर ही मंडळी रिसेप्शनला आहेराचं पाकीट टेकवून साडेआठलाच पसार. का, तर उद्या लाँग रन!

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरिंगचे. अंतर कमी करायचं, पाय ताजे ठेवायचे. नेमकं तेव्हाच प्रत्येकाला कुठेतरी दुखायला लागतं, घसा खवखवतो, घरादाराचं डोकं उठतं. आणि संक्रांतही येते शर्यतीच्या तोंडावर! मग काय, कार्ब लोडिंगच्या नावाखाली चार-चार गुळपोळ्या, वर तुपाची धार. तूप कार्बमध्ये कधीपासून मोडायला लागलं हो?

हसताय? तुमच्या पलंगाखालचा फोम रोलर दिसलाय आम्हाला. कामवाल्या मावशींनी विचारलं तेव्हा 'मुलाचा आहे' म्हणालात, तेही ऐकलंय. असू द्या. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागेल, तिथे खुशाल चाला; आपण कुणीच कुणाला पाहिलेलं नाही.