वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक ऑनलाइन प्रशिक्षणास अनावृत पत्र

प्रति,
ऑनलाइन वाङ्मयचौर्य-प्रतिबंध प्रशिक्षण,
मुक्काम पोस्ट सर्व्हर.

विषय : डाळज (ता. इंदापूर) येथील विद्यार्थ्यांना मिळालेल्या प्रमाणपत्रांबाबत.

महोदय,

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून खपवू नये, हे विद्यार्थ्याला पडद्यावर शिकवण्याच्या सोयीस वाङ्मयचौर्य-प्रतिबंध प्रशिक्षण म्हणतात. काही चित्रफिती, बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. या सोयीला आधार आहे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा. दर सत्रात जागृती करावी आणि शैक्षणिक सचोटीची तत्त्वे पदवीपासूनच अभ्यासक्रमात आणावीत, असे त्यांत सांगितले आहे.

डाळज हे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे, पुणे-सोलापूर महामार्गालगतचे गाव. तेथे हे प्रशिक्षण मोबाइलवर पार पडते. एकाने चाचणी दिली की बरोबर उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतात आणि नक्कल न करण्याचे ज्ञान सर्वांना एकाच संध्याकाळी होते. प्रशिक्षणाने बरोबर उत्तरे मागितली, ती त्याला मिळाली; तक्रारीला जागा नाही.

तक्रार पुढची आहे. प्रमाणपत्र हाती आल्यावर गावातल्या एका विद्यार्थ्याने पर्यावरणाचा प्रकल्प सादर केला. विषय पाणपक्षी. रोहित पक्षी कच्छच्या रणात चिखलाची घरटी कशी बांधतात, याचे त्यात सविस्तर वर्णन होते. भाषा निर्दोष, कारण ती त्याची नव्हती. हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात, पट्टकादंब येतात आणि ते पाहायला पुण्यामुंबईची माणसे होडीचे पैसे मोजतात. या मुलाला ते घराबाहेर पडले की दिसतात, फुकट. त्याच्या प्रकल्पात त्यांचा उल्लेख नाही. त्याला कोणी विचारलेच नाही.

बारा वर्षे त्याला गाइडातले उत्तर जसेच्या तसे लिहिल्याबद्दल गुण मिळाले. मनाचे लिहिले की वहीवर लाल रेघ ओढली गेली. निबंधही पाठ, पत्रही पाठ, ‘माझा आवडता पक्षी’ही पाठ. एवढी तपश्चर्या करून घेतल्यावर तेराव्या वर्षी एक चित्रफीत त्याला सांगते की, हा गुन्हा आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा. कोणते शब्द? ते त्याच्याकडून कधी मागितले होते कोणी? हा उद्योग शुद्ध निर्लज्जपणाचा आहे, आणि त्यावर शिक्का सचोटीचा!

विनियमांची गंमत अशी की, त्यांनी साम्य तपासायच्या लेखनाच्या व्याख्येतून प्रकल्प, निबंध, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे पदवीचा विद्यार्थी जे काही लिहितो, ते जवळजवळ सगळेच. शिक्षेच्या पायऱ्या प्रबंधापासून सुरू होतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ. ६० टक्क्यांच्या वर गेले की विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. तेवढेच साम्य प्राध्यापकाच्या लेखनात सापडले, तर ते लेखन मागे घ्यायचे, दोन वेतनवाढी गमवायच्या आणि तीन वर्षे मार्गदर्शक व्हायचे नाही. पहिल्या वेळी नोकरी राहते.

साम्य शोधणारी यंत्रणा मराठीपुढे आणखी भोळी होते. इंग्रजी मजकुराचा यंत्राने अनुवाद केला, तर ती बहुधा चकते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधले पान तिला निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसते, त्यामुळे ते अगदी अस्सल ठरते.

तरीही प्रशिक्षण निरुपयोगी म्हणता येत नाही. थॉमस डी आणि ब्रायन जेकब या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका महाविद्यालयात केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. छोटे ऑनलाइन प्रशिक्षण घेतलेल्यांत उचलेगिरी लक्षणीय घटली, आणि विशेषतः प्रवेशपरीक्षेत कमी गुण असलेल्यांत. धाक वाढला म्हणून नव्हे, समज वाढली म्हणून. डाळजच्या मुलालाही संदर्भ कसा द्यावा, हे प्रथम सांगितले ते याच चित्रफितीने. शाळेने बारा वर्षांत जे केले नाही ते तिने, बिचारीने, अर्ध्या तासात उरकायचा प्रयत्न केला. तिच्यावर चिडावे तरी किती?

तेव्हा एकच भर घालावी. बहुपर्यायी प्रश्नांऐवजी शेवटी एक परिच्छेद मागावा : फुगवट्यावर आज काय दिसले? यंत्राला तो तपासता येणार नाही. माणसाने वाचून, खुणा करून, परत लिहायला द्यावा लागेल. महाविद्यालयांत हे काम बहुधा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे जाईल. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. घरी वाचलेल्या परिच्छेदांचे मिळत नाही, हे अभ्यासक्रमाची पुढील आवृत्ती काढताना लक्षात घ्यावे.

कळावे.