बदके विचित्र वागताना कशी पाहावीत

रानबदकांचे विचित्र वर्तन झटपट पाहायचे असेल, तर बदकांविषयी काहीही माहीत नसणे ही पहिली पात्रता. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या काठावर उभ्या राहिलेल्या नवशिक्याला अर्ध्या तासात घबाड मिळते. थापट्यांचा घोळका पाण्यात गोलगोल फिरतो आहे, कुणी एका पायावर उभे आहे, कुणी एक डोळा उघडा ठेवून झोपले आहे, आणि अडई चक्क झाडावर बसली आहे! शेजारचा जाणकार मात्र हंगामभर खपून कोरी वही घेऊन घरी जातो. थापटे गोल फिरून पाणी ढवळतात आणि वर आलेले सूक्ष्म जीव चोचीने गाळून खातात, हे त्याला ठाऊक असते. पाय पिसांत ओढून घेतला की ऊब वाचते आणि अडई झाडाच्या ढोलीत अंडीही घालते, हेही. एका डोळ्याच्या झोपेचा खुलासा तर १९९९ साली मॅलार्ड बदकांवर झालेल्या अभ्यासातच मिळतो: रांगेच्या टोकाला झोपलेले बदक अर्धा मेंदू जागा ठेवते आणि उघडा डोळा थव्याबाहेर रोखते. तेव्हा ज्यांना भरपूर नवल हवे, त्यांनी सालिम अलींचे पक्ष्यांवरचे पुस्तक घरीच ठेवावे.

यावर कुणी म्हणेल, नवखी नजरच ताजी असते. असेलही, पण ती येताना गोष्ट बरोबर घेऊन येते. चक्रवाक बदकांच्या जोडीची रोज रात्री ताटातूट होते, हे संस्कृत कवींनी शतकानुशतके ठरवून टाकले होते. अंधारात पक्षी दिसत नाहीत, हाका मात्र ऐकू येतात. उरलेली जागा विरहाने भरून काढायला कवी समर्थ होतेच. दुसरी अडचण निरीक्षकाच्या अंगाची. फोटोसाठी नाव थव्यात घुसवली की सगळी बदके एकदम उठतात, आणि ते दृश्य ‘अभूतपूर्व’ म्हणून घरोघरी पोचते. तिथे वर्तन विचित्र असते ते नावेतल्यांचे. म्हणून नेहमीचे काय हे आधी शिकावे, लांब बसावे आणि आपण तिथे नसतो तर हेच घडले असते का, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

एवढे करूनही विचित्र काही एकदाच दिसले, तर त्या एका नोंदीला किंमत काय? आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर रॉटरडॅमचे. ५ जून १९९५ रोजी तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या काचेवर एक मॅलार्ड नर आपटून मेला, आणि दुसऱ्या नराने त्या मृतदेहाशी समागम सुरू केला. क्यूरेटर केस मोएलिकर यांनी हाकलाहाकली केली नाही. काचेआडून पंचाहत्तर मिनिटे पाहिले, फोटो काढले, वेळा टिपल्या. मग मेलेले बदक ताब्यात घेऊन, चिरून, ते नरच असल्याची खात्री केली आणि नमुना संग्रहात ठेवला. घटना एकच, पण कुणालाही तपासता येईल अशी. निबंध छापायला त्यांनी सहा वर्षे घेतली. २००३ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. सहा वर्षे जास्त वाटणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रिपर नावाच्या मस्क बदकाकडे पाहावे. त्याने माणसाची ‘यू ब्लडी फूल’ ही शिवी उचलली होती. ध्वनिमुद्रण १९८७ चे, शास्त्रीय निबंध २०२१ चा. (तो माणसांनी वाढवलेला होता, त्यामुळे रानबदकांच्या खात्यात त्याला धरता येत नाही. शिवी कुठून आली, हे मात्र त्यामुळेच कळते.) तुमच्याकडच्या व्हिडिओला तोवर व्हॉट्सॲपवर न जाता राहता येत असेल, तर तुम्ही निम्मे शास्त्रज्ञ झालात.

पुढच्या सरावासाठी माणसांचा थवाही चालेल. रॉटरडॅमच्या त्या काचेखाली दरवर्षी ५ जूनला लोक जमतात, मृत बदकाला आदरांजली वाहतात आणि मग चिनी उपाहारगृहात जाऊन बदकाचे साग्रसंगीत जेवण जेवतात. हे नेहमीचे वर्तन की विचित्र, ते लांबून ठरवावे.