पाचशे ग्रॅमचा कायदा

दहा मीटर एअर पिस्तूल हा खेळ बाहेरून पाहणाऱ्यास इतका निरुपद्रवी वाटतो की, त्यापायी सुशिक्षित, संसारी आणि एरवी काटकसरी असलेली माणसे एक इवलासा स्क्रू पाव फेरा फिरवावा की अर्धा, या विवंचनेत रात्री जागवतात, हे त्यास सांगूनही पटत नाही. साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ, एक हात खिशात घालून, दुसऱ्या हाताने, ७५ मिनिटांत ६० वेळा गाठावयाचे, एवढाच काय तो मामला. परंतु या मामल्याची सारी सूत्रे तर्जनीच्या पहिल्या पेराखाली दडलेल्या चापाकडे असतात. आणि बालेवाडीच्या रेंजवर जा की वरळीच्या, गोळी सातात गेली की नेमबाज प्रथम पाहतो तो चापाकडे. स्वतःच्या हाताकडे पाहण्याची पाळी फार उशिरा येते, काहींच्या बाबतीत येतच नाही.

या चापाविषयी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे फर्मान स्पष्ट आहे: त्याचा ताण ५०० ग्रॅमहून कमी असता कामा नये. तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी आकाशाकडे रोखून ५०० ग्रॅमचे वजन चापाला अडकवतात आणि वर उचलतात. चापाने ते तोलले तर पिस्तूल मंजूर, चाप सुटला तर नामंजूर. धन्याचा हुद्दा, जुनी पदके, वशिला, यांपैकी काहीही तेथे रुजू करून घेत नाहीत. सरकारी दफ्तरात वजन ठेवल्याखेरीज काही हलत नाही. येथे वजन ठेवल्यावर काही हलले तर पंचाईत.

आता ज्या अर्थी कायद्याने नवशिक्याचा आणि ऑलिंपिकविजेत्याचा चाप एकाच मापाने मोजला जातो, त्या अर्थी सुधारणा म्हणून विकतात तरी काय, असा प्रश्न सरळ मनुष्यास पडेल. विकतात ती त्या पाचशे ग्रॅमांची वाटणी. बोट चाप मागे घेते तेव्हा पहिल्या टप्प्यात तीनसाडेतीनशे ग्रॅम बिनबोभाट सरतात, मग एका अदृश्य भिंतीशी बोट थबकते, आणि उरलेल्या दीडदोनशे ग्रॅमांत त्या भिंतीपलीकडचा अडसर निसटून गोळी सुटते. ही वाटणी ठरवणारे स्क्रू वेगळे, सुटल्यानंतर चापाने किती मागे जावे हे ठरवणारा स्क्रू वेगळा, आणि चापाचे पाते बोटाच्या लांबीप्रमाणे पुढेमागे सरकवणारा आणखी निराळा.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त अभियंते या स्क्रूंच्या डोक्यांवर सुनेच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवतात, म्हणजे मूळची जागा हरवत नाही. दर रविवारी ते अॅलन की घेऊन बसतात, ठिपका किंचित फिरवतात, रिकामे पिस्तूल भिंतीवर रोखून चाप ओढतात आणि म्हणतात, "आता बघा राव, कशी काच फुटल्यागत सुटते!" पुढल्या रविवारी तो ठिपका पुन्हा पूर्वस्थळी आलेला असतो आणि काच पुन्हा फुटते.

या साऱ्या खटाटोपाचा हेतू तर त्याहून विलक्षण आहे. प्रशिक्षकांचे मत असे की, गोळी सुटण्याचा क्षण नेमबाजास आधी कळता कामा नये. कळला की मनगट त्याच्या स्वागतास दचकून पुढे होते आणि दहाचा आठ होतो. म्हणजे जी गोष्ट आपणच, जाणूनबुजून, स्वतःच्या बोटाने करावयाची, तिने आपणच चकित व्हावे, एवढ्यासाठी माणसे परदेशातून सुटे भाग मागवतात. काहींनी तर पोलादी अडसरालाच रजा देऊन त्याच्या जागी विजेची कळ असलेले पिस्तूल घेतले आहे. आता चकित होण्यापूर्वी बॅटरी तपासावी लागते.

यंत्राला दोष देण्याचा हक्क कोणालाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२१ साली टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचे पिस्तूल बिघडून मोलाची मिनिटे वाया गेली. तिने दोष दिला असता तरी तो शोभला असता. बाकीच्यांनी कोरियाच्या जिन जोंग-ओहचा दाखला पाहावा. ५० मीटर पिस्तूल या प्रकारात चापाच्या ताणावर कायद्याचे बंधनच नव्हते. फुंकर घातली तरी सुटावेत असे चाप तेथे चालत. त्या मोकळिकीत या गृहस्थाने २०१४ साली ६० गोळ्यांत ५८३ गुणांचा विश्वविक्रम केला. आणि त्याआधी २००९ साली, पाचशे ग्रॅमांचे जोखड मानेवर असताना, दहा मीटरवर त्याचाच विश्वविक्रम ५९४ गुणांचा होता. वारा आणि अंतर यांचा वाटा त्यात आहेच, हे मान्य. पण हलक्या चापाचा वाटा कोठे दिसत नाही.

तथापि ज्यांना चाप सुधारावयाचाच असेल त्यांनी तो खुशाल सुधारावा. फक्त तो नेमका ५०० वर न ठेवता ५१०-५२० वर ठेवावा. कारण स्प्रिंगा कालांतराने ढिल्या पडतात, स्पर्धा संपल्यावरही कोणाचेही पिस्तूल अचानक तपासणीस बोलावतात, आणि तेथे ताण कमी भरला तर नेमबाज स्पर्धेतून बाद होतो.